दुसरा टप्पा

कुवेतमधल्या हवल्लीतल्या आमच्या घरात उन्हाळ्यात थंड पाण्याचा नळ सोडला की हाताला चटका बसायचा. गच्चीवरची टाकी दिवसभर तापायची. म्हणून मे महिना लागला की आई गीझर बंद करून टाकायची, आणि गीझरच्या टाकीत घरातल्या गारव्याला मुरलेलं पाणी हेच आमचं थंड पाणी व्हायचं. लाल खुणेचा नळ गार आणि निळ्या खुणेचा कढत. पाहुण्यांना हे आधी सांगून ठेवावं लागे, मला मात्र त्यात उलटं असं काही वाटलं नाही. आखातातलं युद्ध नुकतंच होऊन गेलं होतं. जिन्याच्या भिंतीवर गोळ्यांच्या खळ्या होत्या. घरमालकाने त्यांच्यावरून रंग मारून घेतला होता, पण खळ्या बुजवल्या नव्हत्या, त्यामुळे जिना चढताना मी त्या रंगवलेल्या खळ्यांत बोट घालत घालत वर यायची. दोन बाजूंच्या दोन मशिदींची बांग एकमेकींच्या किंचित मागेपुढे सुरू व्हायची. खालच्या बेकरीतून आलेला गरम खुब्ज आई पोळीसारखा कापडात गुंडाळून ठेवायची, आणि दिवसभर खिडकीतला एसी घरघरत असायचा. तो कधी बंद पडला तर आम्ही तिघंही दचकून एकमेकांकडे बघायचो.

बाबा दुपारी शुवैखहून यायचे. शुवैख म्हणजे बंदर आणि त्याच्या मागे पसरलेली गॅरेजं, गोदामं, वर्कशॉपं. तिथे तेलविहिरींवरचे पाइप, पंप, झडपा साफ करून द्यायचं काम करणारी एक कंपनी होती, तिच्या छोट्याशा प्रयोगशाळेत बाबा केमिस्ट होते. घरात आल्यावर ते कोणाशी बोलायचे नाहीत. दाराशीच बाथरूम होतं, सरळ तिथे शिरायचे, कपडे वेगळ्या बादलीत टाकायचे, आणि डोक्यावरून आंघोळ करूनच बाहेर यायचे. लहानपणी मी धावत गेले तर दोन्ही हात वर करून उभे राहायचे, मला शिवायचे नाहीत. मला वाटायचं सगळ्यांचेच बाबा असं करतात. आज लिहिताना वाटतं, त्या वर केलेल्या हातांत त्यांचं आधीचं सगळं आयुष्य होतं.

ते आधी मुंबईजवळच्या एका सरकारी प्रयोगशाळेत होते. अणुभट्टीतून निघालेल्या जळक्या इंधनाचं काय करायचं, हा तिथला प्रश्न. त्या कचऱ्यातला बराचसा भाग काही शतकांत निवतो, पण थोडीशी मूलद्रव्यं लाखभर वर्षं धगधगत राहतात, आणि त्या मूठभरांपायी सगळाच ढीग लाखभर वर्षं राखत बसावा लागतो. ती मूठभर वेगळी काढता आली तर? अडचण अशी की त्याच कचऱ्यात त्यांची जुळी भावंडं शोभावीत अशी दुसरी निरुपद्रवी मूलद्रव्यं असतात, आणि रसायनांना दोघांतला फरक सहसा कळत नाही. तो कळेल असा रेणू बनवणं हे बाबांचं काम होतं. दहा-बारा वर्षं त्यांनी त्यात घातली. मग कुणीतरी वर ठरवलं की हे एवढ्यात होणारं नाही. विभाग गुंडाळला गेला, बाबांना भांडारावर देखरेखीला बसवलं. त्यात ते सुकत गेले असं आई सांगते. युद्धानंतर कुवेतला माणसं हवी होती, एका मित्राने बोलावलं, आणि ते गेले. मागोमाग आम्ही.

पीएच.डी.मुळे कुवेतमध्ये सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. शेजारची इजिप्शियन बाई एकदा तापलेलं मूल घेऊन आमच्या दारात उभी राहिली होती. बाबांनी त्याच्या कपाळाला हात लावला आणि अगदी खऱ्या डॉक्टरसारखं आईला म्हणाले, याला दवाखान्यात न्यायला हवं.

आई रेवदंड्याची, बाबा नाशिकचे. लग्नानंतर ते मासे खायला शिकले, आणि शिकले ते असे की शुक्रवारी बाजारात पापलेटाचे कल्ले स्वतः उघडून बघायचे. चिंबोऱ्या मिळाल्या की आई खोबरं भाजून कालवण करायची, आणि घरभर तो वास एसीच्या वाऱ्यावर फिरत राहायचा. अशाच एका शुक्रवारी मी त्यांना विचारलं होतं, तुम्ही नक्की काय करता. शाळेत सांगायचं होतं. त्यांनी ताटातली मोठी नांगी उचलली, तिच्या फटीत एक वाटाणा बसवला आणि माझ्यापुढे धरली. पाण्यात विरघळलेला धातूचा कण म्हणजे हा वाटाणा, म्हणाले. एरवी तो ज्याला त्याला चिकटत फिरतो. असा एक रेणू बनवायचा की जो त्याला सगळ्या बाजूंनी धरेल, आणि दुसऱ्या कुणाला धरणार नाही. मग तो नेईल तिकडे हा जाईल. मी म्हटलं, “दॅट्स ऑल?” मी तेव्हा सगळ्याला इंग्रजीतच उत्तर द्यायची. ते हसले. म्हणाले, “हो, एवढंच. धरायचं कसं ते बऱ्याच जणांना येतं. सोडायचं कुठे, ते अवघड आहे.”

शुवैखच्या यार्डात येणारे पाइप आतून पांढऱ्या दगडासारख्या थराने भरलेले असत. तेलाबरोबर जमिनीतून खारं पाणी वर येतं, त्यातले क्षार पाइपात धरतात. यार्डातले लोक त्याला स्केल म्हणत. ते हत्तीच्या दाताइतकं टणक असतं, आणि त्यात जमिनीच्या पोटातलं थोडं रेडियम येऊन बसलेलं असतं. ही गोष्ट यार्डात कुणाला ठाऊक नव्हती, किंवा ज्याला होती त्याने बोलून दाखवली नव्हती. बाबांनी पहिल्या आठवड्यातच किरण मोजायचं एक छोटं यंत्र मागवून घेतलं आणि पाइपाजवळ धरलं. ते किरकिरायला लागलं. तेव्हापासून घरी आल्यावरची आंघोळ सुरू झाली.

ते स्केल काढायची पद्धत अशी होती की मोटरवर फिरणारा तारांचा ब्रश पाइपात घालायचा आणि घासत राहायचं. पीठ उडायचं. हे काम करणाऱ्या टोळीचे मुकादम दाऊदभाई होते. रत्नागिरीकडचे, दाभोळच्या खाडीकाठचे. जलीबच्या कामगार वस्तीत एका खोलीत आठ-दहा जणांबरोबर राहायचे. उंच, शिडशिडीत, आणि सतत खोकणारे. बाबा त्यांना दर एक-दोन शुक्रवारी जेवायला घेऊन यायचे. ते आले की आईची भाषा बदलायची, तिचा खाडीकडचा हेल परत यायचा, आणि दोघं सुकटीच्या, सोड्यांच्या गोष्टी करत बसायचे. दाऊदभाई येताना माझ्यासाठी खजूर आणायचे आणि माझ्याशी मुद्दाम मराठीतच बोलायचे, मी इंग्रजीत उत्तर दिलं तरी. जेवताना खोकला आला की उठून बाल्कनीत जायचे, दार लोटून घ्यायचे. काचेपलीकडे त्यांची पाठ हलताना दिसायची, आवाज यायचा नाही. बाबा तेवढा वेळ घास हातात धरून थांबायचे.

एकदा दाऊदभाई गेल्यावर बाबा जेवणाच्या टेबलावरच कागद घेऊन बसले, आणि मी त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं तसे दिसले. हे सोपं आहे, असं ते आईला सांगत होते. अणुभट्टीच्या कचऱ्यासाठी जे जन्मभर केलं, त्याचंच हे धाकटं भावंड आहे. गरम अल्कलीत तसले रेणू घालायचे, पाइप त्यात बुडवून ठेवायचे, ते रेणू त्या दगडातला एकेक धातूकण धरून पाण्यात आणतील. धूळ नाही. हा झाला पहिला टप्पा. मग त्या पाण्यात बेताबेताने आम्ल घालायचं. आम्लात रेणूंची पकड सुटते, रेडियम पुन्हा थोड्याशा गाळात खाली बसतं, तो गाळ ड्रममध्ये बंद करून ठेवायचा, आणि रेणू गाळून परत वापरायचे. हा दुसरा टप्पा. आईला यातलं किती कळलं माहीत नाही. ती म्हणाली, “म्हणजे दाऊदभाईंचा खोकला जाईल?” बाबा म्हणाले, वाढणार तरी नाही.

त्यानंतरचे काही महिने आमच्या घरातले सगळ्यात चांगले. बाबा आंघोळ करून आले की बोलायचे. कंपनीचे व्यवस्थापक कर्णिककाका हे मुंबईचे इंजिनियर, आमच्याच इमारतीत दोन मजले खाली राहायचे. त्यांच्याकडे गणपती बसायचा, त्यांच्या बायकोची आणि आईची अनारसे तुपात कोणाचे हसत नाहीत यावरून स्पर्धा चालायची. कर्णिककाकांनी बाबांची योजना ऐकली, वरिष्ठांना पटवली, शेडमध्ये मोठ्या टाक्या बसल्या. पहिला पाइप टाकीतून बाहेर काढला तेव्हा आतून आरशासारखा होता म्हणे. दाऊदभाई शुक्रवारी आले आणि जेवून उठेपर्यंत एकदाही बाल्कनीत गेले नाहीत. आईने त्या दिवशी त्यांना दोनदा वाढलं, आणि बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. माझ्या आठवणीत बाबांचा आनंद असा एवढा एकच आहे, दुसऱ्याला न खोकता जेवताना बघण्याचा.

मग थंडी आली. कुवेतची थंडी म्हणजे लोक वाळवंटात तंबू ठोकतात. पाऊस झाला की रेताड जमिनीवर हिरवी साय धरते, आणि जमिनीखाली उगवणारी फगा नावाची कंदासारखी अळंबी शोधायला माणसं काठ्या घेऊन फिरतात. त्या दिवसांत एका शुक्रवारी दाऊदभाई जेवताना बोलता बोलता म्हणाले की आता टँकर रोज येतो. बाबांनी विचारलं कसला टँकर. टाकीतलं पाणी न्यायला, दाऊदभाई म्हणाले. बाबांचा समज होता की ते पाणी मागच्या शेडमध्ये साठवलं जातंय आणि दुसऱ्या टप्प्याची यंत्रं यायची वाट बघतंय. कर्णिककाकांनी तसं सांगितलं होतं. टँकर कुठे जातो असं विचारल्यावर दाऊदभाईंना नक्की ठाऊक नव्हतं, पण ड्रायव्हर त्यांच्याच खोलीतला होता. त्याला गाठून बाबांनी रस्ता विचारून घेतला.

पुढच्या शुक्रवारी आम्ही सहलीला निघालो. मला सहलच सांगितली होती. आईने मेथीचे ठेपले आणि बटाट्याची सुकी भाजी घेतली, थर्मासमध्ये चहा. बाबांनी एक कापडी पिशवी घेतली, तिच्यात ते यंत्र होतं. मोठा रस्ता सोडून आम्ही चाकोरीने आत गेलो. लांबवर तंबू दिसत होते, मुलांच्या चारचाकी मोटरसायकली भुर्र करत टेकड्यांवरून उतरत होत्या. आकाश स्वच्छ होतं. आई म्हणाली, किती मोकळं वाटतं इथे.

टँकरच्या चाकांच्या खुणा एका खोलगट जागेपाशी संपत होत्या. तिथे वाळूवर पांढरा पापुद्रा धरला होता, मोठ्या अंगणाएवढा, कडांना पिवळसर. ऊन त्याच्यावर चमकत होतं. आणि त्याच्यावर मेंढ्या होत्या. मान खाली घालून, सगळ्या एका दिशेने, जमीन चाटत होत्या. तसा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही, इतक्या जिभा एकदम खरखरत्या जमिनीवर फिरल्याचा. बाबांनी पिशवीतून यंत्र काढलं आणि दोन पावलं पुढे जाऊन वाकले. यंत्र किरकिरलं. ते तसेच वाकलेले राहिले, मग यंत्र बंद करून त्यांनी पिशवीत घातलं आणि एकदम पळत सुटले, हात हलवत, हाड हाड करत. मेंढ्या थोड्या बाजूला सरल्या, ते पुढे गेले की मागून परत आल्या.

मेंढपाळ सुदानी होता. टेकडीआडून आला, घाईत नव्हता. मागे दोन सांडण्या होत्या. बाबा त्याला हिंदीत, इंग्रजीत, हाताने सांगायला लागले. त्याला काही कळेना. मग बाबांनी मला पुढे केलं, कारण शाळेत मला अरबी होतं. माझं अरबी पुस्तकातलं, त्यातलं विष, किरण, रेडियम काही मला येत नव्हतं. मी पांढऱ्या पापुद्र्याकडे बोट दाखवून म्हटलं, “मू झेन.” चांगलं नाही. तो माझ्याकडे बघून हसला. खाली वाकून त्याने एक खपली उचलली, जिभेला लावली, आणि मला शिकवावं तसं म्हणाला, “मिल्ह.” मीठ. मग मेंढ्यांकडे हात करून म्हणाला, “झेन. मिल्ह झेन.”

मी बाबांना सांगितलं, हे मीठ आहे, चांगलं आहे, असं म्हणतोय. बाबा म्हणाले, त्याला सांग हे मीठ नाही. मी सांगितलं. मग हे काय आहे, असं त्याने विचारलं, आणि ते मला सांगता आलं नाही. बाबांनाही सांगता आलं नसतं, त्यांना भाषा येत असती तरी. त्याला वाटलं असावं की ही जमीन आमच्या मालकाची आहे आणि आम्ही हुसकावायला आलोय, कारण तो एकदम नरमला, मेंढ्यांना शीळ घालून थोडं दूर नेलं, आणि परत येऊन आम्हाला बसायची खूण केली. एका सांडणीखाली वाडगा धरून त्याने दूध काढलं. फेसाने भरलेला वाडगा दोन्ही हातांनी धरून बाबांपुढे आला.

गाडीतून येताना बाबा आईला सांगत होते ते मी मागच्या सीटवर ऐकलं होतं, की रेडियमला शरीर कॅल्शियम समजतं, म्हणून ते हाडांत जाऊन बसतं, आणि दुधात उतरतं. आईने ते आठवून माझा दंड धरला. बाबांनी वाडगा घेतला. आमच्याकडे न बघता सगळा पिऊन टाकला, आणि रिकामा वाडगा परत देताना छातीला हात लावून मान झुकवली. त्या माणसाने आनंदाने आणखी काढायला वाडगा पुढे नेला, तेव्हा मी पुस्तकातल्या अरबीत पुन्हा पुन्हा आभार मानले. आम्ही ठेपले त्याला दिले. गाडीत बसल्यावर आई रडायला लागली. बाबा म्हणाले, एका वाडग्याने काही होत नाही, उद्या कोणी मरणार नाही. “मग का गेलात पळत?” आईने विचारलं. ते म्हणाले, “ते पाइपात दगड होऊन बसलं होतं. कुठे जात नव्हतं. मी त्याला पाय दिले.”

नंतर मी वाचलं आहे की ही त्या सगळ्या विद्येची जुनीच भीती आहे. धातूला धरून ठेवणारे हे रेणू तसेच जमिनीत सोडले की ते त्याला मातीत मुरू देत नाहीत, पाण्याबरोबर लांब घेऊन जातात. बाबांना हे माझ्याआधी किती वर्षं ठाऊक असेल. म्हणूनच तर दुसरा टप्पा होता. रेडियम निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात.

त्याच संध्याकाळी बाबांनी कर्णिककाकांना वर बोलावलं. आईने चहा ठेवला. मी माझ्या खोलीत, दार उघडं. कर्णिककाका वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणते. त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाले, दुसऱ्या टप्प्याला वरून नकार आला, मी तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगणार होतो.

“त्याला टाक्या लागतात, आम्ल लागतं, दिवस लागतात. आणि शेवटी हातात काय येतं, डॉक्टर? ड्रम. ते ड्रम या देशात कोणी घेत नाही.”

“ते ड्रम हेच काम आहे,” बाबा म्हणाले. “बाकीचं सगळं त्याच्यासाठी आहे.”

“तुमच्यासाठी. त्यांना पाइप साफ हवेत.”

बाबा म्हणाले, मी सरकारी कचेरीत जाईन. कर्णिककाका म्हणाले, जा, पण तिथे पोचायच्या आत तुमचा इकामा रद्द होईल, आणि तुमच्याबरोबर माझाही. आमचा कफील एकच होता. इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, आणि तो ज्याच्या हातात तो कफील.  एसी घरघरत होता. शेवटी बाबा म्हणाले, मग पद्धतच बंद करा, मी यापुढे टाकीला हात लावणार नाही.

“करतो,” कर्णिककाका म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, थकला होता. “उद्यापासून परत ब्रश लावतो. दाऊदला तेवढं तुम्ही सांगा.”

पुढच्या शुक्रवारी दाऊदभाई आले. बाबांनी त्यांना आधी जेवू दिलं. मग त्यांनी सगळं सांगितलं, वाळूवरचा पापुद्रा, मेंढ्या, दूध, पाणी कुठे कुठे जाऊ शकतं, किती वर्षं राहू शकतं. दाऊदभाईंनी मान खाली घालून ऐकलं. बाबांनी विचारलं, काय करू.

दाऊदभाई ताटातल्या काट्यांची चवड लावत होते. म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तुमचं ते पाणी आल्यापासून मी आडवा होऊन झोपतो. आधी भिंतीला टेकून बसून झोपायचो. याच्यावर मी आणखी काय बोलू?”

बाबा म्हणाले, “नका बोलू. चालू ठेवू आपण.”

आणि ते चालू राहिलं. बाबांनी कर्णिककाकांकडून शेडमागे एक जुनी टाकी मागून घेतली. काम संपल्यावर थांबून ते स्वतःच त्यात थोडं थोडं पाणी घ्यायचे, आम्ल घालायचे, गाळ बसू द्यायचे, ड्रममध्ये भरायचे. टँकरभरातलं बादलीभर. घरी उशिरा यायला लागले, आंघोळीला जास्त वेळ लावायला लागले. आई ताट झाकून ठेवायची, आणि ते खायचे की नाही हे बघायला कोणी थांबायचं नाही, कारण कुणी समोर बसलेलं त्यांना चालत नसे. शेडमागे ड्रमांची एक रांग झाली. एका सुट्टीत आम्ही भारतात जाऊन आलो, तर रांग नव्हती. जागा हवी होती म्हणून ड्रम गुपचूप कुठेतरी नेले होते. कुठे, ते कर्णिककाकांनाही ठाऊक नव्हतं, आणि या वेळी बाबांनी ड्रायव्हरला रस्ता विचारला नाही.

पुढे तेलाचे भाव कोसळले. ते रेणू परदेशातून यायचे, महाग होते. वरून निरोप आला की खर्च कमी करा, आणि टाक्या रिकाम्या करून भंगारात काढल्या. ब्रश परत आले. बाबांनी टोळीसाठी तोंडावरचे चांगले मुखवटे मागितले, ते आले, पण शुवैखच्या उन्हाळ्यात ते घालून कोणाला श्वास घेववत नसे. दाऊदभाई शुक्रवारी यायचे कमी झाले. आले की सुरुवातीपासून बाल्कनीच्या दाराजवळची खुर्ची धरायचे. मग एका वर्षी ते कायमचे गावी निघाले. बाबा त्यांना विमानतळावर सोडायला गेले होते, मला बरोबर नेलं होतं. दाऊदभाईंना सामानाची गाडी ढकलवत नव्हती, ती बाबांनी ढकलली. आत जाताना ते मला म्हणाले, मराठी सोडू नको. मी “नाही सोडणार” असं मराठीत म्हटलं. गावच्या डॉक्टरने आधी क्षय म्हटलं, मग क्षय नाही म्हटलं. पावसाळ्याच्या आधी ते गेल्याचं त्यांच्या खोलीतल्या माणसाने यार्डात सांगितलं, आणि बाबांनी घरी येऊन, आंघोळ करून, आईला सांगितलं.

बाबांना नंतर बॉयलरच्या पाण्याच्या कामावर टाकलं. ते त्यांनी निवृत्तीपर्यंत केलं. मी पुण्याला शिकायला आले तेव्हा विज्ञान घेतलं नाही, आणि त्यांनी का म्हणून विचारलं नाही. एकदा, कुवेत सोडायच्या आधीच्या थंडीत, ते एकटेच त्या खोलगट जागेकडे जाऊन आले. वाळू सरकली होती, पांढरं काहीच दिसत नव्हतं, जवळच कुणाचा तरी तंबू होता आणि मुलं खेळत होती, एवढंच त्यांनी आईला सांगितलं. यंत्र नेलं होतं का, असं तिने विचारलं. नव्हतं नेलं.

निवृत्तीनंतर आई-बाबाही पुण्याला आले, तिथे आमचं छोटं घर होतं. मी दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि रोज संध्याकाळी जायची. कुवेतची फारशी आठवण कोणी काढत नसे. एक दिवस मी तिथे असताना फोन आला. आखातातल्याच कुठल्याशा कंपनीतला तरुण मराठी इंजिनियर होता. कर्णिककाकांनी नंबर दिला होता. पाइपातलं स्केल विरघळवायची तुमची पद्धत आम्हाला वापरायची आहे, समजावून सांगाल का. बाबा खुर्चीत सरळ बसले. इतकं बोलताना मी त्यांना किती वर्षांनी ऐकत होते. अल्कली किती, उष्णता किती, कोणता रेणू चांगला धरतो, कोणता स्वस्त आहे पण धरत नाही, सगळं त्यांनी सावकाश सांगितलं. मग दुसरा टप्पा सांगितला. तो तर दोनदा सांगितला. आम्ल एकदम ओतायचं नाही, गाळ नीट बसू द्यायचा, ड्रम कसे बंद करायचे.

पलीकडून तो काहीतरी म्हणाला. बाबा थांबले.

“नाही,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने पुन्हा, “नाही, तो ऑप्शनल नाही.”

त्याने आभार मानले असावेत, कारण बाबाही “अच्छा, अच्छा” म्हणाले, आणि फोन ठेवला. आईने स्वयंपाकघरातून विचारलं कोण होतं. एक मुलगा होता, शिकायला विचारत होता, असं त्यांनी सांगितलं. मग आईने विचारलं, त्याला समजलं का.

“पहिला टप्पा समजला,” बाबा म्हणाले, आणि उठून पलंगावर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.